पेटीतला बाळंतविडा

बाळाला जन्मल्याबरोबर नवं कोरं कापड घालायचं नाही, हे मला माझ्या आईने सांगितलेलं आणि तिला तिच्या आईने. आमच्या कोकणात पहिले बारा दिवस बाळाला जुन्यातच गुंडाळतात. जुनं म्हणजे फाटकं नव्हे हं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरातल्या बाईच्या अंगावरचं सुती लुगडं. त्याचीच दुपटी, त्याचीच झबली, त्याचेच लंगोट. नवं कापड टोचतं, त्याला खळ असते, शिवाय नवं घातलं की नजर लागते म्हणतात. नजरेचं मला माहीत नाही, पण खळीचं खरं आहे. मी चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. कापडाबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये.

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूच्या गल्लीत ज्यांच्याकडे पाळणा हलला, त्यातल्या बहुतेकांचा बाळंतविडा माझ्या हातचा. बायका आईची, सासूची जुनी लुगडी घेऊन यायच्या. मी झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला घेते, म्हणजे बाळाला टोचत नाही. बघणाऱ्याला वाटतं उलटं घातलंय. एका पोरीने विचारलं, "काकू, हे चुकून उलटं शिवलं का?" मी म्हटलं, "घालणार बाळ आहे, तुला कुठे टोचतंय?" असं माझं तोंड. फटकळ म्हणून माहेरी प्रसिद्ध, सासरी त्याहून जास्त. आणि जिथे खरोखर तोंड उघडायला हवं होतं तिथे ते मिटून बसलं, ते सांगायचंय मला.

माझी लेक एकुलती. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले, मग मशीन आणि आम्ही दोघी. तिला दिली ठाण्याला, नौपाड्यात. माणसं चांगली मिळाली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर विहीण म्हटली की लोक कान टवकारतात. आमच्या विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बोलणं शुद्ध, मोजून-मापून. घर असं की पाय कुठे ठेवावा कळू नये. लग्नात मी त्यांना मानाची साडी दिली. चांगली सिल्कची, दोन वर्षं आधी घेऊन ठेवलेली. त्यांनी घडी उलगडली, पदर नाकाशी नेला आणि हसून म्हणाल्या, "विहीणबाई, डांबराच्या गोळ्यांचा अगदी घमघमाट आहे हो! आम्ही कपाटात वाळा ठेवतो." मनात काही नव्हतं त्यांच्या. चार बायका हसल्या, मीही हसले. पण जिव्हारी लागलं. त्या मांडवात मी एवढं केलं, एवढं नटवलं, आणि लोकांनी लक्षात काय ठेवलं तर वास.

वास तर येणारच. माझी लोखंडी पेटी पलंगाखाली असते. डोंबिवलीच्या पावसात सुती कापडाला बुरशी धरते, कसर लागते, झुरळं तर विचारू नका. वाळा ठेवून झुरळं जातात होय? त्यामुळे पेटीत डांबराच्या गोळ्या असायच्याच. मिरगाच्या आधी जुन्या काढायच्या, नव्या टाकायच्या. माझी आईही तेच करायची.

लेकीचे दिवस श्रावणात भरणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सगळं माझ्यावर. श्रावणात कपडे वाळत नाहीत म्हणून मी चैत्रातच बसले. आईची दोन नऊवारी मी जपून ठेवलेली, ती फाडायला घेतली, म्हटलं याच्याहून चांगला उपयोग कुठला? चाळीस लंगोट, डझनभर दुपटी, झबली, टोपरी. सगळं गरम पाण्यात उकळून वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवलं, घड्या घातल्या आणि पेटीत रचलं. दर थराला दोन-दोन गोळ्या. उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत ते तसंच होतं.

मुलगा झाला. नर्सिंग होममध्ये नर्सने त्याला माझ्या हातात दिलं तेव्हा मी आधी त्याला आईच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलं आणि मग तोंड पाहिलं. नाक अगदी माझ्या नवऱ्याचं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. रोज सकाळी खोबरेल लावून पायांवर घेऊन अंग चोळायचं, न्हाऊ घालायचं, ओव्याची धुरी द्यायची आणि तेलकट अंग कोरडं व्हायच्या आत घट्ट बांधायचं. मी किती सुखात होते म्हणून सांगू! आल्यागेल्याला दुपट्याची शिवण दाखवत होते.

चौथ्या दिवशी तो पिवळा दिसायला लागला. शेजारणी म्हणाल्या, सगळ्याच बाळांना होते, कोवळं ऊन द्या. श्रावणात कसलं ऊन? तरी गॅलरीत जेवढं यायचं तेवढ्यात त्याला धरून बसले. पाचव्या दिवशी सकाळी लंगोट धुवायला घेतले तेव्हा माझा हात थांबला. बाळाच्या शूचा डाग पांढऱ्या कापडावर जेमतेम दिसतो. हा डाग चहा सांडल्यासारखा होता. साबण लावला, पुन्हा चोळला, कडेने तांबूस राहिलाच. आणि बाळ दूध ओढेनासं झालेलं. तोंडाला लावलं की दोन घोट आणि झोप.

त्या दिवशी पाचवी होती. नौपाड्याहून विहीणबाई आणि जावई आलेले. पाटा मांडून झालेला, सटवाई बाळाचं नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. विहीणबाईंनी बाळाला खिडकीशी नेलं, टोपरं मागे सारून कपाळ बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नेहमीचं नाही. आत्ता निघायचं." मी म्हटलं, "पूजा तेवढी होऊ दे, अर्धा तास." त्या म्हणाल्या, "सटवाई थांबेल हो, विहीणबाई. चला." जावयाने रिक्षा आणली. आम्ही कल्याणला, लहान बाळांच्या हॉस्पिटलात गेलो. मी त्याला गोधडीत घेऊन बसलेले. खड्डा आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, रडतो का म्हणून. तो रडलाच नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला भराभर. त्यांनी बाळाचं रक्त घेतलं, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि तासाभराने आम्हाला आत बोलावलं. जावई औषधं आणायला गेलेला. लेक टाके दुखत होते म्हणून तिरकी बसलेली, डोक्याला रुमाल. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई.

डॉक्टर म्हणाल्या, "हे बघा, रक्तातल्या लाल पेशी आपल्या सगळ्यांच्याच मरत असतात, नव्या होत असतात. मेलेल्या पेशीतून पिवळा रंग सुटतो, तो लिव्हर साफ करतं. आपलं लिव्हर हे गुपचूप करत असतं म्हणून कळत नाही. या बाळाच्या पेशी ढिगाने फुटतायत, आणि लिव्हर आहे पाच दिवसांचं. त्याला एवढं झेपत नाही. तो रंग साठून मेंदूपर्यंत गेला तर मात्र..." मोरी तुंबलेली आणि वरचा नळ कुणीतरी चालूच ठेवलाय, असं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"आई-बाळाचा ब्लड ग्रुप जुळतोय, म्हणजे ते कारण नाही," त्या म्हणाल्या. "काही मुलग्यांच्या लाल पेशी जन्मतः नाजूक असतात. ते आईकडून येतं. अशा बाळांना काही गोष्टी अजिबात चालत नाहीत. आजी, तुमच्या घरी कपड्यांत डांबराच्या गोळ्या असतात का? बाळाचे कपडे त्यात होते? आणि तुमच्याकडे आधी कुणाचा मुलगा असा पिवळा पडून गेला होता का?"

एका दमात त्यांनी दोन्ही विचारलं, आणि मी एका दमात दोन्ही नाकारलं. "छे छे! आमच्याकडे असलं काही नाही."

का, ते मी आज सांगू शकते. गोळ्यांचं नाव निघालं आणि मला लग्नाचा मांडव दिसला, पदर नाकाशी नेलेला हात दिसला. त्याच बाई माझ्यापासून दोन हातांवर बसलेल्या. माझं घर, माझी पेटी, माझ्या हातचे कपडे, आणि त्यांच्या नातवाला त्यानेच झालं असं मी त्यांच्या तोंडावर कबूल करू? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला तेव्हा वाटलं. मूठ झाकायची ही वेळ नव्हे, हे नाही वाटलं.

आणि दुसरा प्रश्न. हो, गेला होता. माझाच. लेकीच्या आधी मला एक मुलगा झाला होता, गावी, माहेरी. पाचव्या दिवशी पिवळा झाला, नवव्या दिवशी गेला. गावातला कावीळ उतरवणारा येऊन हाताला चुना चोळून गेला, त्यापुढे कुणी काही केलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हिचं दूध लागलं पोराला." मी ते खरं मानलं. पुढे लेक झाली तेव्हा तिला पाजतानाही मी भीत होते. तिला काही झालं नाही, चांगली खणखणीत वाढली, तीही त्याच पद्धतीने जुन्या दुपट्यांत. मग मी तो विषयच काढला नाही. तिचं लग्न ठरवताना तर नाहीच. कुणी विचारलं मुलं किती, तर म्हणायचे, एक मुलगी.

सहाव्या दिवशी त्याचं रक्त बदललं. बेंबीतल्या शिरेतून थोडं काढायचं, थोडं नवं घालायचं, असं करत करत सगळं. काचेतून दिसत होतं. एवढंसं पोर, मुठीएवढी छाती. दुपारी कावीळ उतरली, आम्ही हुश्श केलं. लेकीने दोन घास खाल्ले. संध्याकाळी रक्तातल्या त्या पिवळ्या रंगाचा आकडा पुन्हा चढायला लागला.

हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलेलं, स्वच्छ सुती कपडे घरून आणत जा. ते कोण आणणार? मीच. सहाव्या दिवशी सकाळी मी एक गठ्ठा नेला. सातव्या दिवशी दुसरा काढायला पेटी उघडली.

आता जे सांगतेय ते मी फार दिवस कुणालाही सांगितलं नाही. झाकण उचललं, वास भपकन तोंडावर आला, आणि मला कळलं. मनातून मला आदल्या दिवशीही माहीत असणार, पण त्या क्षणी मात्र असं कळलं की पळवाट राहिली नाही. मग मी काय केलं? ते कपडे फेकून दिले? शेजारणीकडून चार लंगोट मागून घेतले? नाही. मी ते गॅलरीतल्या तारेवर टाकले. म्हटलं, वारा लागला की वास उडेल. वास उडाला की झालं, मग कोण काय म्हणणार? तासभर तारेखाली उभी राहिले. बाहेर पाऊस, हवा ओली, कापड तसंच. मी परत नाकाला लावून पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, गेला वास. घड्या घातल्या आणि कल्याणला घेऊन गेले. नर्सने त्यातलाच लंगोट त्याला बांधला. मी काचेतून बघत होते.

मेली लाज. माणसाला लाज असावी म्हणतात. माझ्या लाजेने त्या दिवशी काय केलं ते मला माहीत.

दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. चेहरा उतरलेला. "पुन्हा चढतोय. पुन्हा रक्त बदलावं लागेल. थांबत का नाही, तेच कळत नाही. काहीतरी अजून चालू आहे."

आणि मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मी सूनबाईला सातव्या महिन्यापासून एक काढा देत होते. माझ्या सासूबाईंचा होता. त्याने तर नाही ना झालं?" आणि त्या रडायला लागल्या. जन्मभर पोरांना शिस्त लावलेली बाई, पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडत होती. "माझ्यामुळे झालं असेल तर सांगा हो मला." जावई आईकडे बघत राहिला. तिला धीर द्यावा की तिच्यावर चिडावं, त्याला कळत नव्हतं.

ते मात्र मला बघवेना. माझं पाप ती बाई आपल्या पदरात घेत होती. मी म्हटलं, "तुमचा काढा नाही हो. माझ्याकडे गोळ्या आहेत. पेटीभर. त्याचं सगळं त्यातलंच आहे, आत्ता अंगावर आहे तेही. आणि माझा पहिला मुलगा असाच गेला."

डॉक्टर आधी माझ्याकडे वळल्याच नाहीत. दार उघडून ओरडल्या, "सिस्टर, बाळाच्या अंगावरचं सगळं काढा. सगळं. गोधडी, टोपरं, पिशवी, सगळं वॉर्डच्या बाहेर. आपलं कापड वापरा." मग मला म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला परवा विचारलं होतं." एवढंच. मी खाली बघत होते. मग त्यांनी एक कागद ओढला आणि आमचं घराणं काढलं. माझ्यासाठी गोल, लेकीसाठी गोल, बाळासाठी चौकोन. माझ्या गोलाखाली अजून एक चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. "हा तुमचा मुलगा. नाव?" मी म्हटलं, "बारसं झालं नव्हतं." त्याच्या नावाचा कागद ना गावात कुठे होता, ना रेशनकार्डावर. एवढ्या वर्षांत त्याला कुणी कागदावर काढलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यांनी समजावून सांगितलं. त्या गोळ्यांची वाफ कापडात मुरते, तेल लावलेल्या अंगातून लवकर आत जाते. नाजूक पेशी तिने फुटतात. मुलींना या पेशींचं जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं, म्हणून त्या बहुधा निभावतात. मुलग्याला आईकडूनच, त्याला दुसरा आधार नसतो. म्हणजे माझ्या दुधाने काही झालं नव्हतं. माझी आई पेटीतून दुपटी काढून त्या पोराला गुंडाळत होती, मायेने, जशी मी गुंडाळत होते. तीही गेली, सासूबाईही गेल्या. आता कुणाला जाऊन सांगू?

दुसऱ्यांदा रक्त बदललं. त्यानंतर आकडा चढला नाही. अकराव्या दिवशी त्याला दिव्याखालून काढलं. बारसं लांबलं, पण झालं. पाळण्यात त्याला दुकानातलं कोरं कापड घातलं होतं, आणि एकाही बाईने त्यावर तोंड उघडलं नाही. घरी आल्या आल्या मी गोळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून कचऱ्याच्या गाडीत दिल्या. त्याच्या पेशींची टेस्ट लगेच करता आली नाही, कारण अंगात रक्त दुसऱ्याचं होतं. तीन-चार महिन्यांनी केली, आणि डॉक्टर म्हणत होत्या तेच निघालं. काय काय चालत नाही त्याचं एक कार्ड मिळालं. त्यात औषधं होती, आणि डांबराच्या गोळ्या अगदी वर.

वाटलं, सुटलो. मग एके दुपारी नौपाड्याला विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलेलो. बाळ ओट्याजवळ चटईवर जागं पडलेलं, पंख्याकडे बघत. कुकरची शिट्टी झाली. लेक दचकली, मी दचकले. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. दुसरी शिट्टी झाली. तेव्हा विहीणबाईंनी उठून गॅस बंद केला.

जवळच्याच दवाखान्यात कानांची तपासणी झाली. त्याला झोपवून डोक्याला तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडला. कान चांगले आहेत, तिथले डॉक्टर म्हणाले. आवाज कानातून मेंदूकडे नेणारी नस दुखावलीय. त्या पिवळ्या रंगाने. मी त्यांना विचारलं, "कधी झालं असेल हे? कुठल्या दिवशी?" ते म्हणाले, "ते नाही सांगता येत, आजी. चौथ्या दिवशीही झालं असेल, पाचव्या, सातव्या..." सातव्या म्हणाले तेव्हा मी उठून बाहेर येऊन उभी राहिले.

आज तो तीन वर्षांचा आहे. दोन्ही कानांना मशीन आहेत. त्याने थोडं ऐकू येतं, गोंगाटात काही कळत नाही. धावतो, खातो, रागावला की चप्पल फेकतो, त्यात माझ्यावर गेलाय. विहीणबाई रोज सकाळी त्याला आरशासमोर घेऊन बसतात, ओठ दाखवत "पा, पा, मा, मा." शंभर पोरांचा गोंधळ आवाजाने गप्प करणारी ती बाई आता आवाजाशिवाय शिकवते. मला त्यांनी एका शब्दाने टोचलं नाही. उलट येईल त्याला सांगतात, "आमच्या विहीणबाई वेळेवर बोलल्या म्हणून पोर वाचलं." ते ऐकलं की मला धरणी दुभंगावी असं वाटतं. त्यांना काय माहीत तो सातव्या दिवसाचा गठ्ठा!

लेकीला परत दिवस गेलेत. परवा ती पोराला घेऊन डोंबिवलीला आलेली. जेवणं झाली, पोर पेंगायला लागलं. तिने त्याच्या कानांतली मशीन काढून डबीत ठेवली, त्याला पलंगावर आडवं केलं आणि आम्ही दोघी त्याच्या पायाशी बसलो. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, या वेळी जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी करू. मी हो-हो म्हणत होते. मग मला राहवलं नाही. म्हटलं, पुन्हा हिच्या पोटात पोर आहे, हिला आईचं खरं माहीत असू दे, मग काय करायचं ते करू दे.

मी सांगितलं. पेटी उघडली तेव्हाच मला कळलं होतं. मी कपडे तारेवर टाकले, वास जावा म्हणून. आणि मग तेच आणून दिले. काही लपवलं नाही. "तू मला आता आई म्हणणार नाही म्हणालीस तरी चालेल," मी म्हटलं.

ती चादरीची किनार बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग म्हणाली, "आई, मला पहिल्या दिवसापासून वास येत होता."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"माझ्या कुशीत होता ना तो. दुपट्याला, टोपऱ्याला, सगळ्याला वास होता. तुझ्या पेटीचा. मला लहानपणापासून आवडायचा तो. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा मी सांगणारच होते. तेवढ्यात तू नाही म्हणालीस. सासूबाई बाजूला बसलेल्या. मला वाटलं, आता मी बोलले तर तू त्यांच्यासमोर खोटी पडशील. घरी गेल्यावर तुला एकटीला विचारेन म्हटलं." तिचा आवाज चढायला लागला. "दोन दिवस, आई! दोन दिवस मी तिथे बसून होते. त्याची आई मी होते, तू नाही!"

ती ओरडून ओरडून रडायला लागली. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. मी सवयीने तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले, अगं हळू, पोर उठेल म्हणून. आणि हात तसाच राहिला. पोर गाढ झोपलं होतं.